शेजार नाकारण्याच्या दोन रीती

गरिबांसाठी शासनाने घरे बांधावीत की नाही, याविषयी आपल्या नगरांतील सुशिक्षित समाजात फारसा मतभेद आढळत नाही. मतभेद उद्भवतो तो जागेच्या प्रश्नावर. मुंबईच्या मुलुंड उपनगरात पूर्वेकडे प्रकल्पग्रस्तांसाठी ७,००० हून अधिक सदनिकांची योजना आली आणि २०२४ मध्ये धारावीतील अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांना मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील मिठागरांच्या जमिनींवर वसविण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा मुलुंडचे रहिवासी रस्त्यावर उतरले. लोकल गाड्यांतील गर्दी, अपुरे पाणी, मलनिस्सारण ही त्यांनी सांगितलेली कारणे खोटी नव्हेत. मात्र त्याच उपनगरात खाजगी मनोरे चढत होते, तेव्हा ही कारणे इतक्या तळमळीने का मांडली गेली नाहीत, हे विचारणे प्राप्त आहे.

धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ कुटुंबांची वस्ती कित्येक पिढ्यांची आहे. त्यांच्या मूळ प्रांताच्या राजधानीत, चेन्नईत, हा प्रश्न कसा सुटला, किंवा सुटला असे कसे मानले गेले, हे म्हणूनच पाहण्याजोगे आहे. तेथे मध्यवस्तीतील सुखवस्तू शेजाऱ्यांवर मोर्चा काढण्याची पाळी फारशी आलीच नाही. त्यांचे काम जमिनीच्या किमतीने परस्पर उरकले.

१९७० साली तेथे झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन झाले. २०२१ मध्ये त्याचे नामांतर होऊन ते नागरी अधिवास विकास मंडळ झाले. आरंभीच्या काळात या मंडळाने झोपड्यांच्याच जागी तीन-चार मजली इमारती उठविल्या. त्या सुबक नव्हत्या, पुढे त्यांची दुर्दशाही झाली. परंतु मैलापूरसारख्या जुन्या, प्रतिष्ठित भागालगत मच्छीमार, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया, हमाल हे सारे राहू शकले. कामाची जागा पायी गाठता येई. २००० च्या सुमारास धोरणाने कूस पालटली. शहराच्या दक्षिणेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर कण्णगी नगर, मग सेम्मंजेरी, नंतर पेरुंबाक्कम अशा वसाहती वाढत गेल्या. एकट्या पेरुंबाक्कमला आठ मजली इमारतींतून २०,००० हून अधिक घरे आहेत. डिसेंबर २०१५ च्या महापुरानंतर अड्यार व कूवम नद्यांच्या काठची कुटुंबे तेथे हलविण्यात आली. पुरापासून वाचवावयाचे म्हणून ज्यांना उचलले, त्यांना नेले ते पळ्ळीकरणै दलदलीच्या शेजारी! (न्यायासाठी राजदरबारी उभी राहिलेल्या कण्णगीचे नाव अशा वसाहतीला कोणी सुचविले असेल, त्याची रसिकता अजबच म्हटली पाहिजे.)

घर मिळाले, पण पोट मागेच राहिले. दोन घरची धुणीभांडी करून शाळा सुटण्यापूर्वी परतणाऱ्या बाईचा दिवस बसच्या प्रवासातच संपू लागला. अनेकींनी काम सोडले. पुढे तर पत्ता ऐकूनच नोकरी देणारा कपाळाला आठी घालतो, असा अनुभव तेथील तरुण सांगू लागले. हजारो निर्धन कुटुंबे एके ठिकाणी कोंबावयाची आणि मग त्या वस्तीला बदनाम करावयाचे, हाही शेजार नाकारण्याचाच प्रकार होय. मुलुंडची रीत उघड आहे, चेन्नईची मूक; मूक रीत मला अधिक निष्ठुर वाटते, कारण तिला उत्तर देण्यासाठी समोर कोणी उभाच नसतो.

गरीब शेजारी आला की वस्तीची कळा जाते, ही भीती कितपत खरी आहे? जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७७ साली चेन्नईत अरुंबाक्कम, विल्लिवाक्कम इत्यादी ठिकाणी आणि १९८५ नंतर मुंबईत चारकोपला लहानमोठे भूखंड आखून देण्यात आले. लहान भूखंड गरिबांना, मोठे इतरांना. पाणी, रस्ते, गटारे सर्वांना सारखी. आज चारकोप हे कांदिवलीतील एक चांगले नांदते उपनगर आहे. मूळच्या लाभार्थींपैकी काहींनी घरे विकली, हे खरे; पण गरिबांच्या सहवासाने चारकोपची रया गेली, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा मुलुंडच्या विरोधाची पारख करणे अवघड नाही. ७,००० घरे एकाच जागी नकोत, असे म्हणणे न्याय्यच आहे. पेरुंबाक्कमने ते पुरेसे सिद्ध केले आहे. त्याच अर्जात दुसरे वाक्यही असावे : प्रत्येक वॉर्डात दोनशे-तीनशे घरे बांधा, आमच्या वॉर्डातील जागा ही पाहा. दुसरे वाक्य नसेल, तर पहिल्यातील पाणी आणि गटारे ही केवळ सबब ठरते. शासनानेही मोकळी जमीन कोठे स्वस्त आहे एवढेच पाहू नये. त्या कुटुंबाची कमावती माणसे सकाळी कोठे जातात, हे आधी पाहावे. मरीना किनाऱ्यावरील नोच्चिकुप्पमच्या मच्छीमारांची जीर्ण घरे त्याच जागी नव्याने बांधली गेली. जमीन तेथेही मौल्यवान होती, आणि समुद्र तर घराच्या दारातच होता.