आंबेडकर, सकपाळ आणि कांबळे : आडनावाला घाबरायचे किती दिवस?

मागच्या महिन्यात कराडच्या एका वस्तीत अभ्यासिकेची बैठक होती. बैठक संपल्यावर एक मुलगा थांबला. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला, पुण्यात नोकरी शोधणारा. म्हणाला, "दादा, आडनाव बदलायचंय. गॅझेटला किती खर्च येतो?" आम्ही विचारले, "का रे बाबा?" तो म्हणाला, "कांबळे म्हटलं की घरमालकाची खोली भाड्याने गेलेली असते." मग थोडा वेळ गप्प राहून त्याने दुसरा प्रश्न विचारला. "बाबासाहेबांनी तरी सकपाळ सोडून आंबेडकर लावलंच ना?"

हा दुसरा प्रश्न आम्हाला झोपू देईना. कारण हा प्रश्न त्या एकट्या मुलाचा नाही. आपल्या शिकलेल्या पिढीतले कित्येक जण तो मनात धरून आहेत आणि त्याला नीट उत्तर कुणी दिलेले नाही. म्हणून हा लेख.

आंबेडकर हे आडनाव आले कुठून?

बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावाच्या नावावरून आंबडवेकर, आंबावडेकर असे लावले गेले आणि त्याचे पुढे आंबेडकर झाले. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. म्हणूनच महाराष्ट्र शासन 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते.

आता यातली नेहमीची गोष्ट. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते, त्यांनी आपले आडनाव या मुलाला दिले, असे आपल्याला पाठ्यपुस्तकापासून भाषणापर्यंत सगळीकडे ऐकवले जाते. त्या शिक्षकांनी माया लावली, जेवणातली भाकरी दिली, ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे. त्यांच्या कृतज्ञतेबद्दल आम्हाला शंका घ्यायची नाही. आमचा आक्षेप आहे तो ही आठवण वापरणाऱ्यांवर. शिक्षकाने एक अवघड आडनाव सोपे केले, यावरून 'बघा, तुमचे नावसुद्धा आम्ही दिलेले' इथपर्यंत उडी मारली जाते. आंबडवे गाव शिक्षकाने दिलेले नाही. सुभेदार रामजींनी पोराला शाळेत घातले, तेही कुणी दिलेले नाही. मुळात 1900 साली 'आंबेडकर' हे महाराष्ट्रातल्या शेकडो गावकरी आडनावांपैकी एक साधे, कुणाला फारसे माहीत नसलेले आडनाव होते. त्याला आज जो अर्थ आहे तो घामाने आणि अभ्यासाने आलेला आहे.

गावावरून नाव लावणे ही कुणाची मक्तेदारी?

'कर' लावले की उच्चवर्णीय, हा आपल्याकडचा एक गोड गैरसमज. आपल्या कराडचेच उदाहरण घ्या. कऱ्हाडे ब्राह्मण हे नाव आपल्या गावावरून आले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याहून किती तरी जुनी नोंद बौद्धांची आहे, ती किती जणांना ठाऊक आहे?

मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत 'करहकट' नगराचे नाव कोरलेले आहे. अभ्यासक ते कराडच मानतात. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरले आहे. त्याचे नाव महिक, आणि नावाच्या आधी त्याने आपली ओळख लिहिली आहे : करहाकडचा. म्हणजे आजच्या भाषेत कराडकर! त्याने गाव सांगितले, धंदा सांगितला, दान सांगितले. जात सांगितली नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीतला माणूस बुद्धाच्या संघाला दान देताना एवढीच ओळख पुरेशी मानत होता. आगाशिवच्या डोंगरावर फिरायला जाणाऱ्या आपल्या पोरांनी लेण्यांबरोबर सेल्फी काढताना हेही लक्षात ठेवावे.

त्यामुळे 'आंबडवेचा तो आंबेडकर' हे कुणाकडून उसने घेतलेले नाही. ही या मातीतली ओळख सांगण्याची जुनी रीत आहे.

आणि आपल्या पूर्वजांना आडनाव होते कुठे?

जात पडताळणीसाठी जुने कागद शोधायला आम्ही लोकांबरोबर तहसीलच्या अभिलेख कक्षात जातो. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर पाहतो. इतरांच्या नावापुढे आडनाव दिसते. आपल्या पणजोबांच्या नावापुढे बहुतेक वेळा आडनाव नसतेच. माणसाचे नाव, बापाचे नाव, आणि पुढे 'महार'. संपले. गावाने आपल्याला आडनावाच्या जागी जात चिकटवली होती.

अशा माणसांनी पुढे शाळेत, पलटणीत, गिरणीत नाव नोंदवताना आडनाव लावले, हीच मोठी गोष्ट होती. कुणी कूळ लावले, कुणी गाव लावले. म्हणून कांबळे या आडनावाची लाज बाळगणाऱ्या भावाला आम्ही सांगतो की, तुझ्या आजोबाने कांबळे लावले ते 'महार' हा शब्द नावापुढून काढायला. तेव्हा ते पुढचे पाऊल होते.

बरे, कांबळे म्हणजे एकच जात असेही नाही. महार, मातंग, चांभार अशा कितीतरी समाजांत कांबळे आहेत. सकपाळ मराठ्यांतही आहेत. जाधव, मोरे, पवार, गायकवाड तर सगळीकडे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मातंग, आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतही साठे. आडनावावरून जात ओळखणे हा अंदाजपंचे कारभार आहे. तरी 2022 मध्ये ओबीसींची आकडेवारी काढणाऱ्या बांठिया आयोगाच्या कामात आडनावावरून जात ठरवली जात असल्याचा आरोप झाला, ओबीसी नेत्यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. घरमालकाने आडनावावरून जात ठरवणे आणि सरकारी कामात तीच पद्धत शिरणे, यात फरक काय राहिला?

मसूर स्टेशनवर काय घडले?

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आडनाव बदलले की सुटका होते का?

याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. 1901 साल. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला. लहानगा भीमराव, भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून रेल्वेने निघाला आणि मसूरला उतरला. हेच आपल्या कराड तालुक्यातले मसूर. अंगावर नवे शर्ट, डोक्याला जरीच्या टोप्या, पायात नवे बूट. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आंबेडकर लागलेले होते. बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे की, कपड्यांवरून आणि बोलण्यावरून स्टेशनमास्तरला ही मुले ब्राह्मणांची वाटली. तोपर्यंत तो मायेने बोलत होता. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलाने भाबडेपणाने सांगितले, महार. मास्तरचा चेहराच बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा ठरला. ती रात्र मुलांनी पाण्यावाचून काढली.

मित्रांनो, आडनावाने तिथे काहीच वाचवले नाही. जातिव्यवस्थेकडे 'तुम्ही कोण?' हा प्रश्न तयारच असतो. आज तो प्रश्न 'पूर्ण नाव सांगा', 'मूळ गाव कुठलं', 'नॉनव्हेज खाता का' अशा रूपात येतो. आडनाव बदलशील, पण तुझे नाव सिद्धार्थ, बहिणीचे सुजाता, घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. काय काय लपवणार? एकदा लपवायला सुरुवात केली की आईला मावशी म्हणायची वेळ येते. असे झालेले आम्ही पाहिले आहे.

भीती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली. म्हणजे तो मुलगा कांगावा करत नव्हता. पण दोष अर्ज वाचणाऱ्यात आहे आणि आपण दुरुस्ती अर्जात करत बसलो आहोत.

तमिळनाडूत 1929 च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेने जातवाचक नावे टाकण्याचा ठराव केला. तिथे आज बहुतेक लोक आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. हे पाऊल मोठेच, कारण ते सर्वांनी मिळून आणि उघडपणे टाकले. पण जात तिथूनही गेलेली नाही. स्कॉटलंडमध्ये तर 1603 साली राजाने मॅकग्रेगर हे आडनावच बंद केले, ते लावणाऱ्याला मृत्यूची शिक्षा. लोकांनी जीव वाचवायला दुसरी नावे घेतली. बंदी शेवटची उठली 1774 ला, आणि लोकांनी आपले नाव परत घेतले. दबलेल्या माणसाला नाव कधी बदलावे लागते, हे खरे. पण बदलताना तो अन्याय विसरायचा नसतो.

दुर्मीळ आडनाव, घराघरातले नाव

भारताची जनगणना आडनावांची यादी प्रसिद्ध करत नाही. पण मतदार नोंदणीसाठी आम्ही वर्षानुवर्षे याद्या चाळतो. कराडच्या, सांगलीच्या याद्यांत कांबळ्यांची पानेच्या पाने लागतात. आंबेडकर आडनाव क्वचितच भेटते. आणि त्याच वस्तीच्या कमानीवर, समाजमंदिरावर, वाचनालयावर, चौकाच्या पाटीवर एकच नाव : आंबेडकर. यादीत सर्वांत कमी आणि पाटीवर सर्वांत जास्त, असे दुसरे आडनाव महाराष्ट्रात असेल असे आम्हाला वाटत नाही.

हे कसे झाले? 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. ते मातंग समाजातले. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. ज्यांनी किंमत मोजली त्यांतल्या कुणाचेही आडनाव आंबेडकर नव्हते. कांबळे होते, वाघमारे होते. सर्वांत दुर्मीळ आडनावासाठी सर्वांत सामान्य आडनावाच्या माणसांनी जीव दिला.

तेव्हा त्या मुलाला आमचे उत्तर असे. बाबासाहेबांनी आंबेडकर या आडनावामागे जात लपवली नाही. मसूरला लहानपणी खरे सांगितले आणि पुढे जगाच्या व्यासपीठावर तेच सांगितले. त्यांनी आडनावाला मोठे केले, आडनावाने त्यांना नाही. तू कांबळे राहिलास तरी हे करता येते.

तरीही बदलायचे असेल तर तो तुझा हक्क आहे, आम्ही अडवणार नाही. फक्त तीन गोष्टी कर. पहिली, आधी जात पडताळणी पूर्ण कर. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे पुरावे मागतात, आणि आजोबा, वडील व तू यांच्या कागदांत तीन वेगवेगळी नावे असली की समितीपुढे वर्षे जातात. दुसरी, बदल राजपत्रातूनच कर आणि जुने दाखले, राजपत्राची प्रत आयुष्यभर जपून ठेव. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्या एका चुकीच्या कागदाने गमावू नकोस. तिसरी, येत्या जनगणनेत प्रगणकाला आडनावावरून काहीही लिहू देऊ नकोस. धर्म बौद्ध, आणि जात विचारली तर ती, स्वतःच्या तोंडाने सांग आणि लिहिलेले वाचून घे.

आणि खोली नाकारणाऱ्या घरमालकाचे काय? त्या मुलाबरोबर पुढच्या रविवारी आम्ही चौघे पुण्याला जाणार आहोत. चौघांपैकी तिघे कांबळे आहेत. नाव पूर्ण सांगूनच खोली मागणार आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!