दादा रात्री कुठे असेल?

नववीतली एक मैत्रीण विचारते : शाळेतल्या मारामारीवरून पोलिसांनी दादाला नेलं, तर आईबाबांनी काय करायचं?

रडत बसायचं नाही, ताबडतोब पोलीस ठाणं गाठायचं! दोस्तांनो, २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. बेड्या तर नाहीच नाही. जामीन ठाण्यातूनही मिळू शकतो. नाही मिळाला, तर रात्र निरीक्षणगृहात. पण प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावंच लागतं. मंडळानं जामीन नाकारला, तर कारण लेखी द्यावं लागतं. वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. आणि हो, शाळेचा जन्मतारखेचा दाखला सोबत न्यावा. गडबडीत नेमका तोच घरी राहतो!