तक्ता आणि बांध

३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे जुन्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असे. आता रोव्हर यंत्राने मोजणी होते आणि खुणांचे अक्षांश-रेखांश तक्त्यात येतात. तो तक्ता संगणकावर क्यूजीआयएसमध्ये भरला, की शेताची आकृती उमटते.

परंतु यंत्राला बांध दिसत नाही! बिंदूंचा क्रम चुकला, तर चौकोनी शेताचा डमरू होतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर कामथडीचे शेत नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाते. या चुका चटकन दिसतात. मात्र अक्षांशातील दशांशचिन्हानंतरचा चौथा अंक एकाने चुकला, तर आकृती ठीक दिसते आणि खूण ११ मीटर सरकते. बांधावरून भाऊ भावाचा वैरी होतो, तो अशाने.

हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मग तक्ता वाचण्याची विद्या कचेरीतच का राहावी? भूगोलाच्या तासाला ती आपणही शिकू या.