पिंजरा पुसणारी कला

दिवाळीच्या ताटात गोडाबरोबर थोडे तिखटही लागते, म्हणून हे लिहितो. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कलावंतांनी जनावरे ‘प्रत्यक्ष पाहून’ रेखाटली, म्हणून त्यांची चित्रे खरी, असे कलेतले जाणते आम्हांला सांगत आले आहेत. मी हर्ण्याचा एक शाळामास्तर. पण हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. त्यांनी प्रत्यक्ष पाहिला तो पिंजरा, आणि कागदावर नेमका तोच गाळला!

पॅरिसच्या प्राणिबागेत चित्रकार देलाक्रवा आणि शिल्पकार बारी हे दोघे मित्र वह्या घेऊन जात. बंदिवान जनावरांची हाडे नि स्नायू त्यांनी कसून अभ्यासले. त्या मेहनतीला माझा नमस्कार. पण 1831 साली बारीने प्रदर्शनात मांडला, तो गंगेतल्या सुसरीला फाडणारा वाघ! बारी हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. रखवालदाराने टाकलेल्या मांसावर जगणारे जनावर शिल्पात एकदम पराक्रमी झाले. लंडनच्या लँडसियरने तर कमालच केली. ट्रॅफल्गार चौकातील सिंहांसाठी त्याने प्राणिबागेतून मेलेला सिंह आणवला आणि काम चालू असतानाच तो कुजू लागला. 1867 साली चार सिंह चौकात बसले. त्यांचे पंजे कुत्र्याचे वाटतात, अशी कुजबुज अजून थांबलेली नाही.

उलट आमच्या मुंबईत पाहा. जे. जे. कलाशाळेत 1865 पासून दहा वर्षे शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी 1891 साली हिंदुस्थानातील माणसे आणि जनावरे यांवर सचित्र पुस्तक काढले. जनावर माणसाच्या ताब्यात आहे, बैल गाडीला जुंपलेला आहे, हे त्यांनी लपवले नाही.

ही जुनी गोष्ट आज कशाला उकरता, असे विचाराल. आमच्या शाळेतील एका मुलीने राणीच्या बागेतला वाघ काढला. वाघापुढे काच, आणि काचेवर बघ्यांच्या तळहातांचे ठसे. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी शेरा मारला, ‘काच अनावश्यक, मागे जंगल हवे होते.’ म्हणजे पोरीने पाहिलेली काच चूक, आणि न पाहिलेले जंगल बरोबर! माझे भांडण आहे ते या शिकवणीशी.

कोणी म्हणेल, मग कल्पनेला मोकळीक नकोच काय? जरूर हवी. मी कादंबऱ्या लिहितो. न घडलेले रचणे हा माझा धंदाच आहे. पण मी त्यावर ‘कादंबरी’ असे स्वच्छ छापतो, साक्षीपुरावा म्हणून खपवीत नाही.

आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की वर घारी घिरट्या घालतात. मुलांनी त्या काढाव्यात. घार क्षणभर थांबणार नाही, रेघ चुकेल. खुशाल चुकू द्या. आणि ज्याला वाघच काढायचा असेल, त्याने तो गजांसकट काढावा. बंदिवानाचे बंधन पुसणाऱ्या हाताला माझ्या वर्गात पास होण्यापुरतेही गुण मिळणार नाहीत.