शिबिराला पोरं देऊ, पण नकाशा वाचायला शिकवा!



उन्हाळा लागला की आश्रमशाळेत पत्र येतं. सहावी ते आठवीच्या हुशार आदिवासी पोरांसाठी शहरात आठ दिवसांचं विज्ञान शिबिर. जेवण फुकट, टोपी फुकट, प्रमाणपत्र फुकट. पोरं दुर्बिणीतून चंद्र बघतात, बाटलीचं रॉकेट उडवतात, फोटो निघतो. शेवटच्या दिवशी पाहुणे भाषण करतात: आदिवासींकडे विज्ञान नाही, अंधश्रद्धा आहे, ती या मुलांनी घालवायची.

आम्ही शिबिराच्या विरोधात नाही. चंद्र आमच्या पोरांनीही बघावा. साप चावला तर भगताकडं नाही, दवाखान्यात न्यायचं, हे आम्ही पाड्यापाड्यात सांगतो. पण विज्ञान शहरात असतं आणि अडाणीपणा जंगलात असतो, हे आम्हाला मान्य नाही.

याच दिवसांत आपण राब भाजतो. शेण, टहाळं, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि वारा बघून आग. तणाचं बी जळतं, राखेनं रोपाला जोर येतो. किती थर, कधी भाजायचं, हे आपल्या म्हाताऱ्या बायांना कळतं. हा प्रयोग नाही तर काय? आणि पोरगं तेव्हा शहरात प्रयोग शिकायला गेलेलं असतं!

आता खरी गोष्ट. आमच्या पाड्याचे वनहक्काचे दावे परत आले. शेरा एकच: उपग्रहाच्या चित्रात २००५ साली शेती दिसत नाही. शिबिराला जाऊन आलेल्या पोराला आम्ही म्हटलं, बाबा, तू वाच. पोरगं गप्प. त्याची चूक नाही. त्याला रॉकेट दाखवलं, पण रॉकेटनं वर नेलेल्या उपग्रहाचं चित्र कसं वाचायचं ते कुणी शिकवलं नाही.

मग आम्हीच हिशोबाला बसलो. त्या काळात रिसोर्ससॅट-१ हा उपग्रह फिरत होता. त्याच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा २३.५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन. गुणाकार करा. ५५२ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठे. एवढ्या जागेला मिळून एकच रंग! त्यात बांधावरचे ऐन आले, मोह आला, दोन गुंठ्यांची वरई आली. ठिपका काय दाखवणार? पावसाळ्यात पीक असतं, तर वर ढग. उन्हाळ्यात आभाळ मोकळं, तर शेतात पीक नाही. आमच्या दाव्याला कुठल्या उपग्रहाचं, कुठल्या महिन्याचं चित्र लावलं, हे अजून कुणी लेखी दिलेलं नाही.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलंय की उपग्रहाचं चित्र हा जोडपुरावा आहे, तो बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. म्हाताऱ्यांचा जबाब, जुना बांध, घराची जोती हेही पुरावेच.

आम्ही काही नवलाचं मागत नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी असाच कार्यक्रम सुरू झाला. पोरं गटानं बसून स्वतः प्रयोग करायची, शेतात-ओढ्यावर जाऊन बघायची, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. पुढं तो शेकडो शाळांत पोचला. २००२ साली सरकारनं तो बंद केला. प्रश्न विचारणारी पोरं घडवणारं काम बंद पडतं, आठ दिवसांची टोपी मात्र दर वर्षी येते!

म्हणून आमचं मागणं:

१. शिबिर पाड्यावर घ्या, ग्रामसभेला विचारून. राब भाजायच्या दिवसांत पोरं उचलून नेऊ नका.

२. शिकवणं आमच्या बोलीत सुरू करा. म्हातारी माणसंही तिथं शिकवायला बसतील.

३. पोरांना जीपीएसनं प्लॉट मोजायला, नकाशा वाचायला, गुंठ्यांचा हिशोब करायला शिकवा.

४. दाव्याला लावलेलं चित्र तारखेसह ग्रामसभेला द्या. पोरं ते तपासतील.

घटनेच्या ५१क कलमात वैज्ञानिक दृष्टी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. प्रत्येक म्हणजे नकाशावर शेरा मारणारे साहेबसुद्धा.

साथींनो, पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. शिबिराचं पत्र आलं तर नुसती सही करू नका, आधी विचारा: काय शिकवणार?

जंगल-जमीन आमच्या हक्काची! मोजणीही आम्हीच करणार!