घरचा तरणतलाव आणि आभाळाचे पाणी

घरबांधणीच्या अंदाजपत्रकात हल्ली मधूनच एक नवी ओळ आढळू लागली आहे. जबलपूर शहराबाहेर, तिलवाऱ्याच्या किंवा भेडाघाटच्या दिशेने ऐसपैस भूखंड घेऊन बंगला बांधणारा गृहस्थ मागच्या अंगणात छोटासा तरणतलाव काढू इच्छितो. कंत्राटदाराच्या कागदावर खोदाई, काँक्रीट, जलरोधक लेप, फरशी, पंप, वाळूचा फिल्टर, पाण्याखालचे दिवे अशा साऱ्या बाबी दरासह मांडलेल्या असतात. नसते ते फक्त पाणी. ते घरमालकाने आणावयाचे, असे गृहीत धरलेले असते, आणि घरमालकाने ते कोठून आणावयाचे याचा विचार तलाव तयार झाल्यावर, म्हणजे बहुधा एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो. मग प्रश्न येतो : सर्वांत स्वस्त पाणी कोणते?

प्रश्न रास्त आहे. मात्र माझ्या मते त्याची मांडणी चुकते. तलाव भरण्याचा खर्च एका लिटरच्या भावावरून ठरत नाही. तो कोणत्या महिन्यात भरला आणि भरलेले पाणी किती वर्षे टिकविले, यावरून ठरतो.

आधी आकडे पाहू. घरगुती तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल धरला तर त्यात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. भारतीय मानकानुसार शहरातील माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे दोन महिन्यांहून अधिक दिवसांचे पाणी या एका तलावात जाते. आणखी एक तुलना मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. आपला अंगणातला तलाव त्या गाडीच्या जवळजवळ एका वाघिणीएवढा आहे.

आता पाण्याच्या वाटा. पहिली वाट नळाची, आणि ती स्वस्त दिसते याचे कारण सरळ आहे : जेथे नळाला मीटर नसतो तेथे दरमहा ठरावीक पाणीपट्टी भरली की चार बादल्या घेतल्या काय आणि चाळीस हजार लिटर घेतले काय, बिल तेच. पण जे बिलात दिसत नाही ते कोणीतरी सोसतच असते. मिनिटाला १५ लिटर धार आणि दिवसाला दोन तास पुरवठा धरला तर घरातल्या वापराला थेंबही न ठेवता तलाव भरण्यास पंचवीस दिवस लागतील. इतका धीर कोणाला असतो? मग नळाला थेट टुल्लू पंप लावला जातो. हा पंप शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतो, एवढ्यावर भागत नाही. जुन्या नळवाहिनीला जेथे फट असेल तेथून आजूबाजूचे घाण पाणीही आत खेचले जाते आणि ते साऱ्या गल्लीच्या माठात जाते.

जबलपूरला नर्मदा उशाशी आहे, वरच्या अंगाला बरगीचे धरण आहे, तेव्हा येथे पाण्याला काय तोटा, असे पाहुण्यांना वाटते. गावातल्यांना तसे वाटत नाही. नदीत पाणी असणे आणि ते आपल्या नळापर्यंत पोहोचणे यांमध्ये पंप, वीज, शुद्धीकरण केंद्रे, टाक्या आणि मैलोगणती वाहिन्या आहेत. मे महिन्यात यांपैकी एखादी कडी ढिली पडली की वस्तीत टँकर फिरू लागतात. शिवाय १९९० मध्ये पूर्ण झालेल्या बरगी धरणाने १६२ गावांना झळ पोहोचविली, हेही ‘फुकटच्या’ पाण्याचा हिशेब मांडताना विसरू नये. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याने तलाव भरणे मला म्हणूनच गैर वाटते, मग ते कितीही स्वस्त पडो. बंगळूरमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने तरणतलावासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी केली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. जबलपूरने तशी वेळ येण्याची वाट का पाहावी?

दुसरी वाट कूपनलिकेची. येथे विजेचा हिशेब केला तर अचंबा वाटतो. साठ मीटर खोलीवरून ४५ हजार लिटर पाणी वर आणण्यास साधारण पंपाला वीस ते पंचवीस युनिट वीज पुरते. याउलट तलावाचा गाळणीपंप रोज सहा तास चालला तर महिन्याला सव्वाशेहून अधिक युनिट जाळतो. म्हणजे पाणी उपसण्याच्या खर्चापेक्षा ते स्वच्छ ठेवण्याचा एका महिन्याचा खर्च कितीतरी मोठा! पण जमिनीतले पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील चुना फरशीच्या कडेला, पंपात आणि फिल्टरच्या वाळूत बसतो. लोह असेल तर क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी होते. मग तो थर काढण्यासाठी आम्ल, रंग घालविण्यासाठी औषध, आणि दोन वर्षांत फिल्टरची वाळू बदलणे. स्वस्त पाणी महाग पडते ते असे. कूपनलिका आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, पण तलावासाठी नवी खोदावयाचे मनात असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मध्य प्रदेशात १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमान्वये कलेक्टर एखादे क्षेत्र जलअभावग्रस्त घोषित करू शकतात, आणि तशा क्षेत्रात परवानगीवाचून नवी खोदाई करता येत नाही. अशा घोषणा बहुधा उन्हाळ्यातच निघतात.

टँकरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पाच हजार लिटरचे नऊ टँकर लागतील. भाव दर आठवड्याला बदलतो; हिशेबापुरता एका टँकरला ६०० रुपये धरला तर ५,४०० रुपये झाले. लाखो रुपयांच्या बांधकामात ही रक्कम किरकोळ आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र पाणी कोठल्या विहिरीचे, हे विचारून घ्यावे आणि मे महिन्यात ते टँकर कोठल्या वस्तीकडून आपल्या फाटकाकडे वळले, हाही विचार मनात यावा.

उरते चौथी वाट, आणि माझे मत तिच्या बाजूला आहे. जबलपूरला वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दीड हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटरची गच्ची घ्या. वाया जाणारे पाचवा हिस्सा वजा केले तरी तिच्यावरून वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार लिटर पाणी उतरते. आपला तलाव तीनदा भरेल एवढे! वर्षाच्या पावसातला निम्म्याहून अधिक भाग जुलै आणि ऑगस्ट या दोनच महिन्यांत पडतो, तेव्हा तेवढ्या अवधीत तलाव काठोकाठ भरण्यास अडचण येऊ नये. शिवाय उघड्या तलावावर थेट आभाळातून जे पडते तेही जवळपास त्याच्या खोलीइतके असते, हे कितीजणांच्या ध्यानात येते?

यासाठी वेगळा मोठा खर्च आहे काय? फारसा नाही. १४० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना गच्चीवरचे पाणी साठविण्याची वा मुरविण्याची व्यवस्था मध्य प्रदेश शासनाने २००६ मध्येच बंधनकारक केली. ज्या भूखंडावर तरणतलाव मावतो तो याहून खचितच मोठा असतो. म्हणजे पन्हळ, उतरता नळ आणि गाळणीची खोली हे सारे कायद्याने करावेच लागते. तलावाकडे एक फाटा आणि एक झडप तेवढी वाढवावयाची. मेअखेरीस गच्ची झाडून धुवावी, कबुतरांची घाण राहू देऊ नये, आणि पहिल्या दोन-तीन जोरदार सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे. त्यानंतरचे पाणी खडी आणि वाळूतून गाळून आत घ्यावे.

पावसाच्या पाण्यात एक उणीव आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ते फार मऊ असते. त्यात चुना नसतो, म्हणून ते फरशीच्या सांध्यांतून आणि सिमेंटच्या गिलाव्यातून चुना हळूहळू ओढून घेते. यावर औषधाच्या दुकानातील उपाय म्हणजे कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा. पण त्याहून साधा उपाय अंगणातच असू शकतो : तीन हिस्से आभाळाचे पाणी आणि एक हिस्सा कूपनलिकेचे. एकाचा मऊपणा आणि दुसऱ्याचा जडपणा एकमेकांना सावरून घेतात. मिश्रणाचा जडपणा आणि सामू तपासून घ्यावा, सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवला म्हणजे क्लोरीनही नीट काम करते आणि डोळेही चुरचुरत नाहीत.

पावसाळ्यात तलाव भरण्यास दुसरेही एक कारण आहे, आणि ते बांधकामाचे आहे. या भागात काळी माती पुष्कळ ठिकाणी आहे. पावसात ती फुगते, भूजल वर येते, आणि रिकामी काँक्रीटची टाकी खालून उचलली जाऊन तडकण्याचा धोका असतो. भरलेली टाकी आपल्या वजनाने जागच्या जागी बसते. तेव्हा काम हिवाळ्यात काढावे, गळतीची चाचणी तेव्हाच उरकावी आणि चाचणीचे पाणी गटारात न सोडता कुंपणाच्या भिंतीवर मारण्यास वापरावे. फरशी मेपर्यंत पुरी करावी आणि मग पावसाची वाट पाहावी. पहिला उन्हाळा पोहण्यावाचून जातो, एवढीच काय ती तोशीस.

ही काही नवलाची युक्ती नाही. जबलपूर ते नरसिंहपूरच्या काळ्या मातीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ‘हवेली’ पद्धतीने शेती करीत आले. शेताला चहूबाजूंनी उंच बांध घालून पावसाचे पाणी महिनोन्‌महिने अडवून ठेवावयाचे आणि ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरावयाचा. शहरातले राणीताल, चेरीताल आणि आधारताल हे तलावही पावसावरच भरत. लोकपरंपरा त्यांची नावे राणी दुर्गावती, तिची दासी आणि तिचा मंत्री आधारसिंह यांच्याशी जोडते. राणीचा मृत्यू १५६४ मधला. आज राणीतालच्या जागी क्रीडांगण आहे.

एकदा भरलेले पाणी टिकविणे हा हिशेबाचा मोठा भाग, आणि येथेच बहुतेकांचा पैसा वाहून जातो. दर वर्षी पाणी बदलावे लागते असा समज आहे. गाळणी नियमित आणि क्लोरीन योग्य प्रमाणात असेल तर तेच पाणी काही वर्षे चालते. खरा चोर आहे वाफ. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलीमीटर पाणी उडते असे धरले तरी आपल्या तलावातून रोज अडीचशे लिटर जातात. शंभर दिवसांत पंचवीस हजारांहून अधिक. म्हणजे अर्ध्याहून अधिक तलाव पुन्हा विकत घ्यावा लागतो आणि तोही टंचाईच्या ऐन दिवसांत. तलावावर अंथरावयाचे साधे प्लॅस्टिकचे आच्छादन वापरात नसताना पसरून ठेवले तर यातील मोठा वाटा वाचतो. पाण्याखालच्या रंगीत दिव्यांपेक्षा अंदाजपत्रकात ही ओळ आधी यावी.

पातळी आच्छादन असूनही उतरत असेल तर गळतीची शंका घ्यावी. त्यासाठी तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी आणि दोन्ही पातळ्यांवर खूण करावी. दोन दिवसांनी तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर पाणी आभाळात नव्हे, जमिनीत जात आहे. फिल्टर उलट धुताना जाणारे तीनचारशे लिटर पाणीही दोन दिवस उघडे ठेवून झाडांना घालता येते.

ज्यांच्या घरी मुले लहान आहेत आणि उन्हाळ्याचे दोन महिने पाण्यात डुंबणे एवढीच हौस आहे, त्यांना मी काँक्रीटचा तलाव सुचविणारच नाही. बारा फूट व्यासाचा, अडीच फूट खोलीचा प्लॅस्टिकचा उभा करता येण्याजोगा तलाव साडेसहा हजार लिटरांत भागतो. तो गच्चीवर मात्र ठेवू नये. साडेसहा टन वजनासाठी प्रत्येक स्लॅब बांधलेला नसतो.

तलाव भरून झाल्यावर ऑगस्टअखेर झडप फिरवावी आणि गच्चीवरून उतरणारे बाकीचे पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्यावे.  वाफेने उणे झालेले पाणी पुढल्या मे महिन्यात त्याच आवारातल्या कूपनलिकेतून काढावयाचे आहे.