बॅटवर टायर कंपनीचं नाव चालतं, मग रॅलीत टायरवरूनच एवढे नियम का?

बोरिवलीच्या रोहित शर्माची बॅट आठवा. त्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलेलं असायचं? सिएट. सचिन तेंडुलकर आणि विराट कोहलीच्या बॅटवर? एमआरएफ. दोन्ही कंपन्यांचा मूळ धंदा टायरचा. त्यातल्या सिएटचा एक कारखाना तर आपल्या भांडुपलाच आहे.

आता बॅटवरच्या स्टिकरमुळे चेंडू काही लांब जात नाही. कंपनी पैसे देते, खेळाडू स्टिकर लावतो, विषय संपला. पण टायर कंपन्या आपला खरा माल घेऊन उतरतात असाही एक खेळ आहे. कार रॅली. तिथे पैसे देणारी आणि खेळातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू पुरवणारी कंपनी एकच असते. कधी कधी तर अख्खा संघही तिचाच असतो.

मग साधा प्रश्न पडतो. सगळ्यांना सारखाच टायर मिळतो का? ज्याच्याशी कंपनीचा करार आहे त्याला चांगला आणि घरचे पैसे घालून आलेल्याला उरलेला, असं होत नाही कशावरून? टायर पुरवठ्याचे नियम आहेत ते या प्रश्नासाठी.

रॅलीत टायरला एवढं महत्त्व का?

रॅलीत गाड्या एकमेकींच्या शेजारून पळत नाहीत. रस्त्याचा एक तुकडा वाहतुकीसाठी बंद करतात, त्याला स्टेज म्हणतात. एकेक गाडी ठरावीक अंतराने सुटते आणि घड्याळाशी स्पर्धा करते. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर पुढचं वळण वाचून दाखवतो. सगळ्या स्टेजचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो जिंकला.

रस्ता कधी खडीचा, कधी डांबरी, कधी बर्फाचा. जागतिक रॅली स्पर्धेत, म्हणजे डब्ल्यूआरसीत, खडीसाठी १५ इंची रिमवरचे जाड भिंतींचे टायर लागतात, डांबरासाठी १८ इंची आणि बर्फासाठी खिळे ठोकलेले. टायर हवे तितके वापरता येत नाहीत. प्रत्येक रॅलीला संख्या ठरलेली असते, प्रत्येक टायरची नोंद होते, आणि गाडीत जास्तीत जास्त दोन स्टेपन्या नेता येतात.

पंक्चर झालं तर चालक आणि को-ड्रायव्हर स्वतःच जॅक लावून चाक बदलतात. त्यात दीड-दोन मिनिटं सहज जातात. आता हे बघा : २०११ ची जॉर्डन रॅली सेबास्तियन ओजिएने ०.२ सेकंदांनी जिंकली होती. जिथे निकाल डोळ्याची पापणी लवेपर्यंत ठरतो, तिथे दोन मिनिटं म्हणजे खेळ खल्लास.

एकच कंपनी, हा नियम कुठून आला?

डब्ल्यूआरसीत २००८ ते २०१० फक्त पिरेली होती. २०११ पासून २०२० पर्यंत दार उघडं ठेवलं, तेव्हा मिशेलिन, डीमॅक अशा कंपन्या आल्या. २०२१ ते २०२४ पुन्हा फक्त पिरेली. २०२५ पासून २०२७ पर्यंतचं कंत्राट दक्षिण कोरियाच्या हँकूककडे आहे. जागतिक मोटरस्पोर्ट संघटना एफआयए निविदा मागवते, एक कंपनी निवडते, आणि मुख्य गटांतल्या सगळ्यांना तोच टायर.

याच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. पहिला खर्चाचा. दोन कंपन्यांत चढाओढ लागली की दर रॅलीला नवं रबर, नव्या चाचण्या, आणि त्याचं बिल शेवटी संघावर. दुसरा समानतेचा. चढाओढीत कंपनीचा सगळ्यात चांगला टायर तिच्या लाडक्या संघाकडे जातो. तिसरा सुरक्षेचा. वेगाच्या हव्यासात टायर किती नाजूक करायचा याला मर्यादा राहत नाही.

चढाओढ कुठवर जाऊ शकते याचं उदाहरण रॅलीतलं नाही, फॉर्म्युला वनमधलं आहे, पण ते आपल्या जवळचं आहे. जून २००५, अमेरिकेतलं इंडियानापोलिस. मिशेलिनचे टायर तिथल्या वेगवान वळणावर टिकतील याची खात्री देता येईना. मिशेलिनवाल्या १४ गाड्या सराव फेरी मारून परत आत गेल्या. ब्रिजस्टोनवाल्या फक्त सहा गाड्या शर्यतीत उरल्या. त्या सहांपैकी एकात आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. म्हणजे भारताचे ते पहिले गुणसुद्धा टायरच्या भांडणातून आले.

२००६ नंतर मिशेलिन बाहेर पडली आणि फॉर्म्युला वनमध्येही एकच कंपनी उरली.

मग तोटा काय?

टायर एकच असला की त्याची खोडही सगळ्यांच्या वाट्याला येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हंगामाची शेवटची फेरी पहिल्यांदाच सौदी अरेबियात झाली. दगडधोंड्यांच्या त्या रस्त्यांवर पंक्चरांचा पाऊस पडला आणि आघाडीच्या चालकांनाही फटका बसला. थिएरी नेव्हिल जिंकला, ओजिएने नववं विश्वविजेतेपद घेतलं, पण त्या रॅलीची चर्चा मुख्यतः टायरचीच राहिली. चालकाला टायर पटला नाही तरी दुसरीकडे जायची सोय नसते.

दुसरी गोष्ट, दार बंद असलं की नव्या कंपनीला आपला माल सिद्ध करायला जागाच मिळत नाही. हे आपल्याला जास्त लागू होतं.

एमआरएफने दार कुठून उघडलं?

चेन्नईच्या एमआरएफने १९४६ मध्ये फुगे बनवण्यापासून सुरुवात केली होती. पुढे तिने स्कोडाच्या गाड्या घेऊन आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धेत संघ उतरवला. याच संघातून दिल्लीच्या गौरव गिलने २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये विजेतेपद मिळवलं. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच.

त्यानंतर कंपनी थेट युरोपात गेली. २०२२ मध्ये स्पेनच्या एफ्रेन लारेनाने ‘टीम एमआरएफ टायर्स’कडून युरोपियन रॅली स्पर्धेचं विजेतेपद जिंकलं. भारतीय टायर लावून युरोपचा चॅम्पियन!

हे शक्य झालं कारण युरोपियन स्पर्धेत टायरची निवड खुली होती. पिरेली, मिशेलिन यांच्या समोर उभं राहून वेळ नोंदवता आला. डब्ल्यूआरसीसारखं एकाच कंपनीचं कंत्राट तिथे असतं, तर एमआरएफला बाहेर उभं राहून टाळ्याच वाजवाव्या लागल्या असत्या.

आपल्याकडे काय चित्र आहे?

मुंबईचं रॅलीशी नातं जुनं आहे. १९८० मध्ये पहिली हिमालयन रॅली सुटली ती मुंबईतून, ब्रेबॉर्न स्टेडियमवरून. नाशिकची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ राष्ट्रीय स्पर्धेची फेरी राहिलेली आहे. कांदिवलीत कारखाना असलेल्या महिंद्राने ‘महिंद्रा अॅडव्हेंचर’ नावाने संघ काढला आणि गौरव गिलने त्यांची एक्सयूव्ही ५०० राष्ट्रीय रॅलीत पळवली.

पण या खेळाचा आर्थिक कणा कोण? प्रामुख्याने टायर कंपन्या. एमआरएफ आणि जेके टायर यांनी अनेक वर्षं स्पर्धांना पैसे दिले, संघ चालवले, चालक घडवले. सर्किटवरच्या शर्यतींत तर एक राष्ट्रीय स्पर्धा जेके टायरच्या नावाने आणि दुसरी एमआरएफच्या नावाने होते. हे पैसे नसते तर भारतात मोटरस्पोर्ट किती उरलं असतं, हा प्रश्नच आहे. त्यामुळे कंपन्यांना नुसती नावं ठेवणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

तरी गुंतागुंत आहेच. स्पर्धेचा प्रायोजक, टायरचा पुरवठादार आणि संघाचा मालक एकच असू शकतो. क्रिकेटमध्ये चेंडू बनवणाऱ्या कंपनीचाच संघ मैदानात असता, तर आपण पहिल्याच षटकात ओरडलो असतो. भारतातल्या मोटरस्पोर्टचे नियम एफएमएससीआय ही संघटना करते. कंपनी आणि खेळाडू यांच्यात तिसरा माणूस म्हणून उभं राहणं हे तिचं काम.

मग योग्य काय?

सरसकट एक टायर किंवा सरसकट खुलं, दोन्ही अर्धवट वाटतं. नवोदितांच्या गटात एकच टायर असावा. त्याची किंमत आधी जाहीर व्हावी, संख्या ठरलेली असावी, आणि संघाचा चालक असो की एकटा आलेला, वाटप एकाच ढिगातून व्हावं. वरच्या गटात मात्र कंपन्यांना खुशाल भिडू द्यावं, म्हणजे एमआरएफने युरोपात केलं ते उद्या भांडुपच्या कंपनीलाही करता येईल.

२०२७ पासून डब्ल्यूआरसीत गाड्यांचे नवे नियम येत आहेत. गाडीच्या किमतीला ३,४५,००० युरोची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी रुपये. टोयोटा-ह्युंदाईसारख्या मोठ्या कंपन्यांशिवाय छोट्या कार्यशाळांनाही गाडी बांधता येणार आहे. खेळ परवडला पाहिजे, हे वरच्यांनाही पटलंय. मग खालच्या पायरीवर हिशेब आणखी काटेकोर हवा. मुलुंड किंवा घाटकोपरचा एखादा पोरगा घरची जुनी गाडी तयार करून नाशिकला निघतो, तेव्हा प्रवेश फी प्रत्येक रॅलीला भरतो. टायरही प्रत्येक रॅलीला नव्याने घ्यावे लागतात.

तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला एक सांगा. फॉर्म भरण्याआधी त्या रॅलीची पूरक नियमावली उघड आणि टायरचं कलम आधी वाच. किती टायर, कोणाचे, किती रुपयांना, आणि तपासणार कोण? या चारांपैकी एकाचं जरी उत्तर मिळालं नाही, तरी पैसे भरण्याआधी आयोजकांना लेखी विचार.